जिना, पाटी आणि हाउस ऑफ लॉर्ड्‌स

रविवार, १७ सप्टेंबर २०००. सकाळी दहा. कार्ल्सरूहे.

आजपासून रोजनिशी. याआधी १९८८, ९३ आणि ९७ साली सुरू केली होती, पण तेव्हा नोंदवण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडणार आहे. ही वही फक्त माझ्यासाठी. माणसाला एक तरी जागा अशी हवी जिथे नम्र राहायची गरज नसते.

शुक्रवारची हकिगत. आमच्या पंप कंपनीतल्या सील विभागाचं प्रमुखपद, ज्याची मी सहा वर्षं शांतपणे वाट पाहत होतो, ते ब्राउनश्वाइगहून आलेल्या एका चौतीस वर्षांच्या मुलाला मिळालं. त्याच्या नावामागे डॉक्टर आहे. दुपारपर्यंत दारावर त्याची पाटीसुद्धा लागली. साहेबांनी मला बोलावून सांगितलं की हेर (म्हणजे श्रीयुत) सरनोबत, तुम्ही जिथे आहात तिथे तुमच्याशिवाय चालणारच नाही. मला अभिमान वाटला. पार्किंगपर्यंत टिकला.

घरी आलो तर इमारतीच्या दारावर दहा घंट्या. त्यात सहा डॉक्टर. चौथ्या मजल्यावरचा आपला सुगत रणपिसे, वय छत्तीस, तोसुद्धा डॉक्टर. आमच्या घंटीवर नुसतं सरनोबत. हे नाव म्हणजे एके काळी घोडदळाची सरदारकी होती, हे या लोकांना कोण सांगणार? (आजोबा इचलकरंजीला पोस्टमास्तर होते. पण तेही सरकारी पदच.)

संकल्प: नावामागे काहीतरी आणणे. मुदत: एक वर्ष.

मंगळवार, १९ सप्टेंबर. दुपारी, ऑफिसात.

सापडलं. इंटरनेटवर. ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्‌ससाठी आता सामान्य माणसालाही अर्ज करता येतो! एक निवड समिती नेमली आहे. साधा फॉर्म. माझ्या गाडीच्या विम्याचा यापेक्षा अवघड होता.

पहिली अट: अर्जदार ब्रिटिश, आयरिश किंवा कॉमनवेल्थ देशाचा नागरिक हवा. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. जर्मनी नाही. म्हणजे या इमारतीतले सहाच्या सहा डॉक्टर... नाही, पाचच. सुगतचा पासपोर्ट भारतीय आहे. तरीही पाच बाद.

प्रथमच त्या काळ्यानिळ्या पासपोर्टकडे प्रेमाने पाहिलं. दोन वर्षांपूर्वी व्हिसाच्या कटकटीला कंटाळून मी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. भारतीय नागरिकत्व सोडा, मग देऊ, असं त्यांचं पत्रही येऊन पडलं आहे. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं होतं. मनोरमा याला आळस म्हणते. ती दूरदृष्टी होती.

गुरुवार, २१ सप्टेंबर.

घरात जाहीर केलं. मनोरमा भेंडी चिरत होती. तिनं विचारलं, अहो, मग लंडनला राहायला जावं लागेल का? मी म्हटलं, अधिवेशनापुरतं. तिनं विचारलं, रजा किती शिल्लक आहे? अकरा दिवस आहे. बायकांना मूळ मुद्दा सोडून तपशिलात शिरायची सवय असते.

स्वरूपाला (वय सोळा) मी मराठीत सांगितलं. तिनं नेहमीप्रमाणे जर्मनमध्ये उत्तर दिलं की पापा, हे फार पाइनलिश आहे. म्हणजे लाजिरवाणं. या वयात मुलींना बापाच्या मोठेपणानं अवघडल्यासारखं होतं, असं वाचलं आहे.

संध्याकाळी सुगत जिन्यात भेटला. त्याला म्हटलं, तुला कल्पना आहे का तिथे काय चाललंय? म्हणाला, आहे ना, गेल्याच वर्षी वंशपरंपरेच्या सहाशेवर लॉर्डांना घरी पाठवलं. म्हणजे जागा रिकाम्या आहेत! हे मला ठाऊक नव्हतं. मुलगा उपयोगी आहे.

शनिवार, ३० सप्टेंबर.

आज नशिबानं दार वाजवलं. म्हणजे टपालपेटीत पडलं. चुकून आमच्या पेटीत एक जाड पाकीट आलं. पत्ता: फ्राइहेर आल्ब्रेश्ट फॉन ड्रोस्टनाउ. फ्राइहेर म्हणजे बॅरन! आणि हे कोण? दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे! ज्यांना आम्ही चार वर्षं हेर ड्रोस्टनाउ म्हणतो आहोत. त्र्याऐंशी वर्षांचे, पाठीत वाकलेले, ट्रामच्या कचेरीतून रिटायर झालेले. घंटीवर नुसतं ‘ड्रोस्टनाउ’. मागे ना बायको ना मूल.

मनोरमाला सांगितलं तर ती म्हणाली, हो, मला माहीत आहे. ती गुरुवारी त्यांच्याकडे वरण-भात घेऊन जाते, गोळ्यांच्या डब्या भरून देते, दोघं पत्ते खेळतात. मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणे, तुम्ही कधी विचारलंत त्यांच्याबद्दल?

रात्रभर विचार. जर्मनीत प्रौढ माणसालाही दत्तक जाता येतं. दत्तक गेलं की नाव मिळतं. फ्राइहेर फॉन ड्रोस्टनाउ. लॉर्ड्‌सच्या फॉर्ममध्ये ‘पदव्या’ म्हणून एक रकाना आहे. सध्या मी तिथे बी.ई. मेकॅनिकल, सेकंड क्लास असं लिहिलं आहे.

सोमवार, २ ऑक्टोबर.

योजना तयार. म्हाताऱ्यांच्या मनात पुत्रप्रेम उत्पन्न करणे. साधन: केअरवोखं.

या भागातला हा एक अजब रिवाज. जिन्यात एक लाकडी पाटी फिरते. ती ज्याच्या दारावर लटकेल त्यानं त्या आठवड्यात सगळा जिना झाडून पुसायचा आणि कचऱ्याचे डबे रस्त्यावर काढायचे. नळाला पाणी नसलं तर हे लोक एक वेळ समजून घेतील, केअरवोखं चुकवली तर नाही. आजवर आमची पाळी मनोरमाच करत आली. आज पाटी म्हाताऱ्यांच्या दारावर होती. मी ती काढून आमच्या दारावर लावली. घंटी वाजवून त्यांना सांगितलं की यापुढे तुमची पाळी माझी. त्यांनी दारावरच्या रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, जा, जा, बिटं. म्हणजे हो, हो, करा की. डोळ्यांत पाणी होतं. (त्यांच्या डोळ्यांतून कायमच पाणी येतं, असं मनोरमाचं म्हणणं. थेंब घालते ती.)

शनिवार, ७ ऑक्टोबर.

जिना पुसला. पंच्याहत्तर पायऱ्या. मनोरमा वरून डोकावून म्हणाली, अहो, वरून खाली पुसत या, खालून वर नाही. ओल्यावर आपलेच पाय उठतात. मी उत्तर दिलं, सरनोबत खालून वर जातात. ती आत गेली. मग मी वर पोचलो आणि बादली न्यायला खाली उतरलो. पाय उठले. पुन्हा पुसला. व्यायाम चांगला.

रविवार, २२ ऑक्टोबर.

फॉर्म भरतो आहे. प्रश्न: सभागृहाच्या कामात तुम्ही काय भर घालाल? लिहिलं: गेली पंधरा वर्षं मी पंपांच्या सीलवर काम करतो. गळती कुठून होते हे मला आवाजावरून कळतं. ही दृष्टी कोणत्याही सभागृहाला हवीच.

दोन शिफारसी लागतात. एक सुगतकडे मागितली. त्यानं लगेच लिहून दिली, हसतहसत. त्यात म्हटलं आहे: श्री. सरनोबत यांना मी चार वर्षं ओळखतो. या काळात त्यांनी मला स्वतःबद्दल माहिती देण्यात कधीही हयगय केली नाही. किती नेमकं लिहितो! जाताना त्याला सहज म्हटलं, आमच्या घराण्यातच सरदारकी आहे म्हणून हे सोपं जातंय. तो म्हणाला, खरं आहे सरनोबतसाहेब. आमच्याकडे वंशपरंपरेनं काही आलं नाही, म्हणून मग पीएचडी करावी लागली. मी त्याचं सांत्वन केलं.

दुसरी शिफारस लीड्‌सच्या ग्राहकाकडे फॅक्स करून मागितली.

बुधवार, १ नोव्हेंबर. सुट्टी.

लीड्‌सहून उत्तर. साहेब लिहितो की ही कल्पना फारच इंटरेस्टिंग आहे. एकाच पानात दोनदा इंटरेस्टिंग. इंग्रज माणूस एवढा कधी भारावत नाही.

सुगत म्हणतो, इंग्रजानं दोनदा इंटरेस्टिंग म्हटलं तर एकदा डॉक्टरला दाखवावं. तो डॉक्टर आहे, पण केमिस्ट्रीचा.

शुक्रवार, १० नोव्हेंबर.

अर्ज रजिस्टर्ड टपालानं रवाना. पोस्टातल्या बाईंनी पत्ता वाचला, मग मला पाहिलं. लंडन? म्हणाल्या. मी म्हटलं, जा. गेनाऊ. म्हणजे हो, अगदी बरोबर.

पदवीचा रकाना: ‘बॅरनची पदवी, प्रक्रियेत.’ खोटं नाही. प्रक्रिया माझ्या बाजूनं चालू आहे. पाच आठवड्यांत म्हाताऱ्यांसकट तिघांच्या पाळ्या केल्या. इतर लोक आपली पाळी आली की पाटी आपणहून माझ्या दारावर आणून लावतात. वातावरणनिर्मिती म्हणून मी हरकत घेतली नाही.

गुरुवार, ७ डिसेंबर.

मनोरमा म्हाताऱ्यांकडून बातमी घेऊन आली. आमच्या इमारतीच्या मालकांचं एक बायराट आहे. तीन जणांचं सल्लागार मंडळ. व्यवस्थापकावर लक्ष ठेवायचं, हिशेब तपासायचे, मालकांच्या सभेनं घाईत काही ठरवलं तर पुन्हा विचार करा म्हणायचं. म्हातारे वीस वर्षं त्याचे अध्यक्ष आहेत. एप्रिलमध्ये सोडणार. ती म्हणाली, अहो, तुम्ही उभे राहा ना. तुम्हाला आवडेल. लोक ऐकतात तिथे.

मी हसलो. जिन्यातले दिवे आणि सायकलींचं स्टँड! ज्याला वेस्टमिन्स्टर दिसतंय त्यानं तळघरात सभा भरवायच्या? तिला प्रेमानं समजावलं. ती म्हणाली, बरं. मग मटार सोलायला घेतले.

सोमवार, १८ डिसेंबर. रजा घेऊन श्टांडेसआम्टमध्ये.

म्हणजे जिथे जन्म-लग्न-नाव नोंदतात ती कचेरी. फ्राऊ केसलर नावाच्या बाई. मी विचारलं, समजा एखाद्या भारतीय माणसाला एखाद्या फ्राइहेरनं दत्तक घेतलं तर? त्या म्हणाल्या, आल्झो (म्हणजे ‘तर’), पहिली गोष्ट, १९१९ सालापासून ही पदवी नाही, नुसतं आडनाव आहे. मान नाही, हक्क नाही, काही नाही. मी म्हटलं, पण पाटीवर दिसतं ना? दिसतं, म्हणाल्या. दुसरं: भारतीय नागरिकाच्या नावाला भारताचा कायदा लागतो, त्यामुळे कागदपत्रं फार. जर्मन नागरिक असता तर सोपं होतं. तिसरं: त्या गृहस्थांना हे माहीत आहे का?

तिसरा मुद्दा गौण. दुसरा महत्त्वाचा. ड्रॉवरमधलं पत्र काढलं. मुदत संपायला तीन महिने आहेत. दैव बाजूनं असलं की तारखासुद्धा जुळतात.

रविवार, २४ डिसेंबर.

म्हातारे जेवायला होते. मनोरमानं पुरणपोळी केली. त्यांनी दोन खाल्ल्या, तिसरी रुमालात गुंडाळून नेली. जेवताना ते एकदम बोलायला लागले. पंचेचाळीस साली पूर्वेकडून आईला हातगाडीवर बसवून चालत आले. वाटेत घर, जमीन, थोरला भाऊ, सगळं मागे राहिलं. इथे ट्रामवर तिकीट तपासनीसाची नोकरी. बॅरन तिकीट मागतोय म्हणून लोक हसायचे, तेव्हा नावातलं पुढचं सगळं काढून टाकलं.

मनोरमा रडली. स्वरूपानं त्यांचा हात धरला आणि पहिल्यांदाच पूर्ण मराठी वाक्य बोलली: आजोबा, अजून एक घ्या. मी मनात नोंद केली: काढून टाकलेलं नाव धूळ खात पडलं आहे. वारस हवा.

सोमवार, १ जानेवारी २००१.

संकल्प:
१. जर्मन नागरिकत्व.
२. दत्तक.
३. लॉर्ड्‌स.
४. कंबरेचा पट्टा घेणे. (जिना.)

मनोरमाला क्रमांक एक सांगितला. ती म्हणाली, अहो, तो लंडनचा फॉर्म एकदा परत वाचलात का? मी म्हटलं, भरला मी आहे, वाचायचा कशाला? ती म्हणाली, वाचा तरी. मी विषय बदलला. तिला फॉर्मचं काही कळत नाही. स्वतःचा पासपोर्ट मात्र कपाटात साडीच्या घडीत जपून ठेवते.

शुक्रवार, १२ जानेवारी. म्यूनिकहून परतीच्या गाडीत.

भारतीय नागरिकत्व सोडलं. वकिलातीच्या कचेरीत काउंटरवर आत्माराम म्हणून नागपूरकडचे गृहस्थ निघाले. मराठी ऐकून खूश झाले. मग कागद पाहून म्हणाले, साहेब, खात्री आहे ना? एकदा शिक्का बसला की बसला. मी म्हटलं, मोठ्या कामासाठी आहे. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात, आणि शिक्का मारला.

पासपोर्टवर ‘रद्द’. आतला फोटो जुनाच, १९८५ सालचा, मिशीसकट. त्या दिवशी आई स्टुडिओत सोबत आली होती आणि केस नीट कर म्हणत होती.

गाडीत हीटरची हवा कोरडी आहे. डोळे चुरचुरतात.

रविवार, २८ जानेवारी.

जिना. तळमजल्यावरच्या डेंटिस्ट बाई, फ्राऊ डॉक्टर ह्योल्त्सलं, थांबून म्हणाल्या की इमारत इतकी स्वच्छ कधी नव्हती. मी विनयानं मान झुकवली. तर म्हणाल्या, रेलिंगची खालची बाजू राहते तुमची.

शुक्रवार, २ फेब्रुवारी. सायंकाळी सहा.

मी जर्मन. छोटा समारंभ झाला. एक कागद, एक हस्तांदोलन, एक फूल. फूल मनोरमानं देवापुढे ठेवलं. सुगत पेढे घेऊन आला. म्हणाला, अभिनंदन, हेर सरनोबत. मग, आता लंडनचं काय? मी म्हटलं, लंडनला उलट बरंच वाटेल. युरोपियन चेहरा. त्यानं दुसरा पेढा घेतला. स्वतः आणलेल्या पेढ्यातला दुसरा पेढा खाणारा माणूस मत्सरी असतो, असं माझं निरीक्षण.

बुधवार, १४ फेब्रुवारी.

व्हिजिटिंग कार्डं छापून आली. शंभर. फ्राइहेर जयंत फॉन ड्रोस्टनाउ-सरनोबत. कागद जाड, अक्षरं उठावदार. कुणाला देत नाही अजून. कपाटात वरच्या फळीवर. दिवसातून एकदा पाहतो. फार तर तीनदा.

रविवार, ४ मार्च. दुपारी.

विचारलं.

म्हाताऱ्यांकडे कॉफीला गेलो. मी केक नेला होता. (पूर्वी कधी नेला नव्हता, मनोरमाच्या वरण-भाताशी स्पर्धा.) प्रस्तावना केली: घराणी, परंपरा, सरदारकी, रेलिंगची खालची बाजू. मग सरळ म्हटलं, मला दत्तक घ्या.

ते हसले. म्हणजे हसतच राहिले. मग खोकला आला. पाणी दिलं. ते प्याले आणि पुन्हा हसले. शेवटी डोळे पुसून म्हणाले, हेर सरनोबत, दत्तकाला कोर्टात जावं लागतं. जज विचारतो, तुमच्यात बापलेकाचं नातं आहे का? मी काय सांगू? की हा माणूस माझा जिना पुसतो?

मी म्हटलं, मनापासून पुसतो.

ते म्हणाले, गेनाऊ. तेवढंच मलाही सांगता येईल.

मग त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाले की हे नाव विकत घ्यायला ऐंशीच्या सुमारास एक दलाल येऊन गेला, त्याला मी जिन्यावरून खाली पाठवलं. तुम्हाला नाही पाठवत, कारण जिना तुम्हीच पुसलाय. आणि मग, जाताजाता, अगदी सहज: तुमच्या पत्नीला मात्र मी विचारलं होतं. ती नको म्हणाली.

रविवार, ४ मार्च. रात्री.

मनोरमाला विचारलं. हो, म्हणाली, जानेवारीत विचारलं त्यांनी. खूप हळवे झाले होते बिचारे. मग? मग मी सांगितलं, बाबा, मी रोज येईन, पण मला वडील आहेत. मिरजेला.

बस. एवढंच. मिरजेला वडील आहेत.

मी तिला शांतपणे समजावून सांगितलं की जर्मन कायद्यानं नवऱ्याला बायकोचं आडनाव घेता येतं. म्हणजे ती ‘हो’ म्हणाली असती तर आज मी फ्राइहेर असतो. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, अहो, तेवीस वर्षं झाली मला तुमचं आडनाव लावून. कधी तरी एकदा विचारलंत, मूळचं काय होतं?

अर्थात मला माहीत आहे. आठवेल.

सोमवार, ५ मार्च.

पटवर्धन नव्हे. कुलकर्णीही नव्हे. स्वरूपाला विचारलं. तिनं जर्मनमध्ये सांगितलं: मिरजेच्या आजोबांचं नाव श्रीरंग खाडिलकर, पापा. फोनवर दर रविवारी बोलता तुम्ही त्यांच्याशी.

बोलतो, पण मी त्यांना नेहमी मामा म्हणतो. त्यात आडनाव येत नाही.

सोमवार, १२ मार्च.

एक दार बंद झालं, मुख्य दार उघडंच आहे. लंडनला पत्र लिहिलं: बॅरनची पदवी तूर्त स्थगित, मात्र आनंदाची बातमी अशी की मी आता जर्मनीचा नागरिक झालो असून तशी नोंद आपल्या दप्तरी घ्यावी. सोबत प्रमाणपत्राची प्रत. प्रामाणिकपणा त्यांच्या लक्षात येईलच.

मंगळवार, ३ एप्रिल.

लंडनहून उत्तर. फार सभ्य. लिहितात की कळवल्याबद्दल आभारी आहोत. आपण आता ब्रिटिश, आयरिश वा कॉमनवेल्थ नागरिक नसल्यानं आपला अर्ज विचारात घेता येत नाही. आपण दाखवलेल्या इंटरेस्टबद्दल धन्यवाद.

फॉर्म काढून वाचला. पहिली अट. पहिल्या पानावर. पहिल्या ओळीत. १९ सप्टेंबरची नोंदही काढून वाचली. अक्षर माझंच आहे.

मनोरमाला पत्र दाखवलं. तिनं वाचलं, घडी घातली, आणि जेवायला वाढलं. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

नंतर लक्षात आलं: या घरात लॉर्ड्‌सच्या सभागृहाला पात्र असं आता एकच माणूस आहे. तिचा पासपोर्ट साडीच्या घडीत आहे.

गुरुवार, ५ एप्रिल.

विचारांती निर्णय: बायराट स्वीकारणे. लहान आहे, पण वरिष्ठ सभागृहच. पुनर्विचार सुचवणं, लक्ष ठेवणं, तोल सांभाळणं. काम तेच. शिवाय म्हातारे जागा सोडतायत, म्हणजे बॅरनची जागा माझ्याकडे येणार. दत्तकाचाच एक प्रकार, कोर्टाशिवाय. सहा महिने जिना पुसलाय. बाकीची नऊही बिऱ्हाडं ऋणी आहेत. निवड बिनविरोध होईल. भाषण तयार केलं: गळती आणि लोकशाही.

शुक्रवार, २० एप्रिल. मालकांची वार्षिक सभा. तळघर.

सगळे हजर. मी पहिल्या रांगेत. म्हातारे काठीवर उठले आणि म्हणाले, माझ्या जागेवर मी अशा व्यक्तीचं नाव सुचवतो जिनं या घरासाठी सर्वांत जास्त केलं आहे. मी उठलो. ते म्हणाले, फ्राऊ मनोरमा सरनोबत.

मी उभाच होतो, म्हणून टाळ्या वाजवल्या.

सुगतनं अनुमोदन दिलं. हात वर झाले. व्यवस्थापकानं हात मोजले. माझा मोजला नाही. कारण विचारलं. म्हणाला, फक्त मालकांना मत असतं. फ्लॅट मनोरमाच्या नावावर आहे. १९९६ साली नोटरीकडे सह्या होत्या त्या दिवशी मी एका पंपामागे हॅनोव्हरला होतो आणि फोनवर म्हणालो होतो की सह्या करणं हे कारकुनी काम आहे, तूच उरक.

मनोरमा गांगरली. मला म्हणाली, अहो, नको म्हणू का? तुम्हाला हवं होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते. मला हवं होतं हे तिला कधीपासून माहीत होतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, नाही गं. मला कुठे वेळ आहे?

पुढचा विषय: श्री. सरनोबत यांनी केअरवोखं कायमस्वरूपी आपल्याकडे घ्यावी का? एकमतानं मंजूर. यालाही मला मत नव्हतं. फ्राऊ डॉक्टर ह्योल्त्सलंनी आभाराचा ठराव मांडला. रेलिंगचा उल्लेख सौम्य होता.

शुक्रवार, २७ एप्रिल.

लंडनची यादी काल लागली. ऑफिसच्या इंटरनेटवर वाचली. पंधरा नावं. मोठमोठी माणसं. बहुतेकांच्या नावामागे आधीच काहीतरी आहे. नव्या प्रमुखानं खांद्यावरून डोकावून विचारलं, काही विशेष? मी म्हटलं, नाही. एका पंपाचं पाहत होतो.

कार्डांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मनोरमा किराण्याची यादी लिहिते. कागद चांगला आहे म्हणाली. अठ्ठ्याण्णव उरली आहेत.

शनिवार, २८ एप्रिल २००१. संध्याकाळी साडेपाच.

पाटी आता आमच्या दारावर खिळ्यानं ठोकली आहे. फिरवायचं कारण उरलं नाही.

नव्या बायराटची पहिली बैठक दुपारी साडेतीनला, चौथ्या मजल्यावर सुगतकडे. मी तिसऱ्यावर होतो, फडकं आणि बादली घेऊन. आधी फ्राऊ डॉक्टर गेल्या. मग मनोरमा, निळी साडी, वर कार्डिगन, हातात फाइल, आणि तिच्या दंडाला धरून म्हातारे. निरोपाच्या कॉफीला बोलावलं होतं. मी भिंतीला लागून वाट दिली. मनोरमा हळूच म्हणाली, अहो, मधलं कोरडं करा हं, हे घसरतील. मी कोरडं केलं. म्हातारे थांबले, श्वास घेतला, पायरीकडे पाहिलं आणि म्हणाले, सुंदर झालंय. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच मला जयंत म्हणाले.

दार लागलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता. मनोरमा काहीतरी म्हणाली आणि सगळे गप्प बसून ऐकत होते. थोड्या वेळानं तिनं दार उघडून डोकं बाहेर काढलं. म्हणाली, चहा टाकलाय, या ना वर. चपला बाहेर काढा. सुगतनं आतून ओरडून सांगितलं, या सरनोबतसाहेब, प्रेक्षकांना बसायला जागा आहे.

म्हटलं, जिना संपवून येतो.

बादली घेऊन आधी चौथ्या मजल्यावर गेलो. तिथून सुरुवात केली आणि पायरी पायरी उतरत तळमजल्यापर्यंत आलो. वरून खाली. लवकर होतं, आणि आपले पाय उठत नाहीत.